दिवाणजीची दाढी

“अवं, उंबरठा वलांडू देऊ नको त्याले! आधी पाच हात, मंग घर!”

हा आवाज माझ्या सासूचा, मनकर्णाबाईंचा; मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. ऐकला त्याला आता दहा वर्षं होत आली. अजूनही ड्यूटीवरून दमून आले की उंबरठ्याशी माझा पाय आपोआप थबकतो. वाटतं, आत आत्याबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसल्या आहेत आणि मान वर न करता मला दारातच थांबवताहेत.

अठ्ठ्याहत्तरचं साल. मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. सेवाग्रामच्या रस्त्याला लागून आमचं तीन एकर वावर, विहिरीवर मोटर, थोडी ज्वारी, आणि बारा महिने वांगी, मेथी, सांबार. उजाडायच्या आधी तिघं मिळून जुड्या बांधायचो. मालक, म्हणजे माझे यजमान पुंडलिकराव, सायकलला दोन टोपल्या लावून बाजाराला निघत आणि मी पांढरं पातळ नेसून ड्यूटीवर. दिवस असा निसटायचा, जशी ओल्या हातातून साबणाची वडी.

दवाखान्यात डॉक्टर सुमित्राबाई होत्या, पुण्याकडच्या. पहिल्याच वर्षी मी रडत रडत नोकरी सोडायला निघाले होते, तेव्हा माझा हात धरून त्यांनी मला परत वॉर्डात नेलं. पुढे सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सुलोचनानं लिहिलेली नोंद मी दुसऱ्यांदा तपासत नाही. ती लिहिते ते तसंच असतं.” त्या एका वाक्यावर मी ताठ मानेनं चालत होते. माझ्या अंगावर दागिना म्हणाल तर तोच.

त्याच बाई मृगाच्या सुमाराला आठ महिन्यांसाठी मद्रासला शिकायला निघाल्या. जाताना त्यांचा कुत्रा माझ्याकडे ठेवला. त्यांच्या मामांनी दिलेला, परदेशी जातीचा. श्नाउझर म्हणतात म्हणे. करडा रंग, चौकोनी तोंड, डोळ्यांवर छपरासारख्या भुवया आणि खाली चांगली मूठभर दाढी. नाव ब्रूनो. सोबत एक नवीकोरी लोखंडी फणी, तिच्यावरचा दुकानातला कागदी पट्टाही तसाच, आणि एक वहीचा कागद. रोज अर्धा तास विंचरणे. प्रत्येक जेवणानंतर दाढी कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करणे. आठवड्याला अंघोळ. आणि शेवटी, दोनदा खाली रेघ मारून, ‘दाढी व भुवया कधीही कापू नयेत.’

आत्याबाईंनी कुत्र्याला वरून खाली पाहिलं.

“काऊन वं, हा कोन्या मालगुजाराचा दिवाणजी आणला? कागद वाचून दाखवन का आता?”

“आत्याबाई, त्याले रोज अर्धा तास विंचरा लागते.”

“अर्धा तास? माह्या डोक्याले तेल लागून पंधरा दिस झाले, त्याचा कागद कोनी लिहला नाई तो!”

मालक हसता हसता टोपली सोडून खाली बसले. तेव्हापासून ब्रूनोचा दिवाणजी झाला. पण आत्याबाईंनी साफ सांगून टाकलं, “मी हात लावनार नाई. तुहं तू पाह्यजो.”

मी पाहिलं, पण कधी? मोटर चालू झाली की पाणी धरा, भाजी खुडा, ड्यूटी करा, येऊन चूल पेटवा. कागदातला अर्धा तास रोज उद्यावर जायचा. दिवाणजी मात्र खुशीत. वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधांवरून फिरायचा, उंदरांमागे बिळात तोंड घालायचा, शेजारच्या कपाशीच्या पळाटीतून धावायचा. ताक प्यायचा आणि दाढीचं टोक त्यातच बुडवून माझ्या पातळाला पुसायचा. दिवाळीपर्यंत त्याच्या अंगावर गोखरूच्या काट्यांनी बैठक मारली. केसाला केस चिकटला, गाठीला गाठ मिळाली. मार्गशीर्षात पाहते तर अंगावर केस नव्हतेच, घोंगडं होतं. फणी लावली की दात विचकून ओरडायचा.

त्याच दिवसांत गिरडकडचा कवडू धनगर आपल्या मेंढ्या घेऊन आमच्या वावरात बसला होता. दरवर्षी ज्वारी निघाली की तो यायचा. चार-पाच रात्री मेंढ्या वावरात बसल्या की लेंडीखत आपोआप पडायचं. त्या सकाळी बाभळीखाली तो एका म्हाताऱ्या मेंढीची लोकर उतरवत होता. कातर अशी चालत होती, जशी पाण्यात मासोळी. मला ड्यूटीला उशीर झालेला. मी दिवाणजीला ओढत तिथं नेलं.

“कवडूभाऊ, याच्याही गाठी काढून देजा बरं. मी जाऊन राह्यली.”

“जा ना ताई. दुपारपरेंत मोकया करतो त्याले.”

एवढंच बोलणं. मी माझ्या सायकलवर टांग टाकली. कागदातल्या दोन रेघा मला वॉर्डात, एका बाईला सुई टोचताना आठवल्या.

संध्याकाळी घरी आले तर दिवाणजी बैलबंडीखाली दडलेला. ओढून बाहेर काढला. अंगावर केस नाही. दाढी नाही. भुवया नाहीत. एवढा भारदस्त दिवाणजी, आणि आतून निघालं केवढंसं कोवळं तोंड. फक्त टाळूवर एक झुपका, शेंडीसारखा उभा.

“कवडूभाऊ! मी गाठी काढा म्हटल्या होत्या!”

कवडूला काही कळेना. “ताई, गाठी निवडून कायच्या काढू? लोकर आली म्हंजे समदी उतरवा लागते. अर्धी ठिवली तं तेच जनावर आजारी पडते.”

“अन् हा झुपका?”

“तो देवाचा. पयल्या कातरीले तेवढा ठिवतो मी. माह्या बापानं ठिवला, आज्यानं ठिवला.”

आत्याबाई लुगड्याचा पदर तोंडाशी धरून हसत होत्या. हसता हसता थांबल्या. दिवाणजी थरथरत होता. गारठा पडायला लागला होता. त्या आत गेल्या, आपलं जुनं लुगडं फाडून आणलं आणि दोन पदर करून त्याच्या पाठीवर बांधलं. मग त्याला चुलीपाशी घेऊन बसल्या. ज्याला हात लावणार नव्हत्या, त्याच्याच टाळूवरून त्यांचा हात फिरत राहिला.

“चिठ्ठी टाकून दे डॉक्टरीणबाईले,” म्हणाल्या. “गोखरू हाय तवर फनीनं निघते, बाई. गाठ झाली का मंग कातर लागते.”

दुसऱ्या दिवशी मी पोस्टकार्ड घेतलं. तब्येत लिहिली, थंडी लिहिली, वॉर्डात कोण नवीन आलं ते लिहिलं. दाढीपाशी लेखणी अडली. ‘सुलोचना लिहिते ते तसंच असतं.’ मी लिहिलं, ‘बाकी सर्व ठीक.’

“लिहलं काय?” आत्याबाईंनी विचारलं.

“लिहिलं.”

आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी विश्वासानं मान हलवली. एका कार्डात मी दोघींशी खोटं बोलले होते.

त्यानंतर दिवाणजी आत्याबाईंचा झाला. त्यांनी कागद काही कधी वाचून घेतला नाही. त्यांचा कागद त्यांच्या हातात होता. केस नखभर आले आणि त्यांनी दाराशी जकातीचं नाकंच लावलं. वावरातून आला की उंबरठ्यावर थांबायचं. फणीचे पाच हात. दोन पाठीला, दोन पायांना, एक दाढीला. मगच आत. मोजायला आकडे नको म्हणून त्यांनी ओवी लावून घेतली होती. ओवी संपली की पाच हात संपले.

*वेळ नाही वेळ नाही, कामाची गं दाटी
फणीच्या गं पाच हाती, सुटल्या साऱ्या गाठी*

“रोजचे पाच हात,” त्या म्हणत, “हप्त्याच्या पन्नासले भारी असतात. भांडं रोज घासलं का राख कमी लागते.”

गोखरू दिसला की ओढायचा नाही. एरंडीच्या तेलाचं एक बोट लावायचं आणि चार जुड्या बांधून व्हायच्या. तोवर गोखरू आपणच घसरून यायचा. दाढी भिजू नये म्हणून दिवाणजीचं पाणी परातीतून अरुंद तोंडाच्या गडूत गेलं. जीभ आत जायची, दाढी बाहेर राहायची. ताक बंद झालं आणि त्यात कालवून घट्ट भाकरीचे मुटके सुरू झाले. अंघोळ मोटर चालू असताना पाटातच. इकडे वांग्यांना पाणी, तिकडे दिवाणजीला रिठा, आणि वाळायला तापलेला बांध होताच. त्याच्यासाठी म्हणून वेगळा वेळ आत्याबाईंनी दिवसातून कधी काढलाच नाही, आणि कुत्रा आरशासारखा चकचकत होता.

दोन जुड्यांच्या मध्ये त्यांचा आवाज येई:

*दारी आला दिवाणजी, दाढीला गोखरू
सोडविता सोडविता, झालं माय लेकरू*

मी ऐकायचे आणि जीव हलका व्हायचा. पण मद्रासहून कार्ड यायचं. ‘ब्रूनोची दाढी कशी आहे? तू लिहितेस म्हणजे मी निश्चिंत आहे.’ ते वाचलं की हलका झालेला जीव पुन्हा पाण्यात भिजल्या गोणीसारखा जड. दर कार्डाला वाटायचं, आता लिहावं. दर कार्डाला गाठ आणखी घट्ट व्हायची. एकदा मी पूर्ण लिहिलं, वाचलं आणि चुलीत घातलं.

शिक्षण लांबलं. बाई आल्या त्या चैत्रात. रविवार होता. रिक्षा धुऱ्यापाशी थांबली आणि दिवाणजी असा धावला की वाटेतली टोपली उलटली, वांगी चहूकडे. बाई खालीच बसल्या. तो त्यांच्या मांडीवर, खांद्यावर, चष्म्यावर.

दाढी आली होती. पहिल्याएवढी नाही, चार बोटं. भुवयाही आल्या होत्या, जरा कोवळ्या. मी मनाशी म्हटलं, कळणार नाही. आठ-दहा महिन्यांत माणसाच्या डोळ्यांना कमी-जास्त काय कळतं? निभावलं बाप्पा!

तेवढ्यात आत्याबाई फणी घेऊन बाहेर आल्या.

“पाह्यली काय डॉक्टरीणबाई, कशी भरून आली ते? कवडूनं तं पार मेंढरू करून ठिवलंतं त्याचं! तुमाले सुलोचनानं लिहलंच असन.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दाढीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आत्याबाईंनीही पाहिलं, आणि माझा चेहरा पाहून त्यांच्या हातातली फणी खाली आली.

“लिहलं नाई तू?”

कोणत्याही पोस्टकार्डापेक्षा तो प्रश्न लहान होता. पण त्याच्यापुढे ‘बाकी सर्व ठीक’ म्हणायला जागाच नव्हती.

“नाही लिहिलं,” मी म्हटलं. “कवडूभाऊची चूक नाही. मीच नेला त्याला मेंढ्यांत. मला विंचरायला वेळ झाला नाही, केसांचं घोंगडं झालं, आणि घाईत मी धड सांगितलंही नाही. सगळी दाढी गेली. भुवयासुद्धा. आणि प्रत्येक कार्डात मी तुम्हाला खोटं लिहिलं. आत्याबाई, तुमाले बी खोटं सांगतलं.”

बोलून झालं. छातीवरची गोणी कोणीतरी उचलली होती. बाई काही म्हणोत, आता लपवायला काही उरलं नव्हतं.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, “येडी हायस. गोखरू होता तवाच सांगाचं; एरंडीचं तेल घरातच होतं ना वं.”

बाई उठल्या. म्हणाल्या, “सुलोचना, तो मी दिलेला कागद आहे का?”

मी आतून आणला. कडेला हळद लागलेली, बाकी घडी तशीच. बाईंनी तो वाचला नाही. दिवाणजी आपल्या सवयीनं उंबरठ्यावर जाऊन उभा राहिला होता, पाच हातांची वाट पाहत. आत्याबाईंनी खालच्या स्वरात ओवी धरली, फणी फिरवली, ओवी संपली, तो आत गेला. बाई डोळे विस्फारून पाहत राहिल्या.

“झालं?”

“झालं,” आत्याबाई म्हणाल्या. “आनखी काय असते?”

बाईंच्या ओठांवर हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरले. कागदाची घडी त्यांनी लहान, आणखी लहान करत नेली. फणीवरचा दुकानातला तो कागदी पट्टा तेव्हा मला एकदम आठवला.

“मनकर्णाबाई, मला हे पाच हात शिकवा,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि सुलोचना, तू ऐक. हे तुला जातानाच सांगायला हवं होतं, मला लाज वाटली. तो कागद मी पुस्तकातून उतरवला होता. त्यातलं एकही काम मी ब्रूनोसाठी एक दिवससुद्धा केलेलं नाही.”