खुबूस बेकरी हलली

"ग्लोरियाताई, त्या ड्रायव्हरचा फोटो पाठवतोय. पत्रकात सगळ्यात वर टाका."

शुक्रवारी दुपारी देवव्रत साठेंचा फोन. ना नमस्कार, ना चमत्कार.

"कशाबद्दल?"

"अंतराला भलत्याच गेटवर सोडून निघून गेला तो! सात वर्षांची पोर आहे माझी!"

पत्रक म्हणजे इथल्या, आखातातल्या आमच्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीच्या मराठी मंडळाचं. दर गुरुवारी चारशे फोनांवर जातं. त्याची बातमीदार, संपादक आणि शिपाई, सगळं मीच. आठवडाभर क्लिनिकमध्ये फायली सांभाळते आणि उरलेल्या वेळात लोकांच्या बातम्या. अकरा वर्षं झाली, आणि चांगलं काढते, उगाच विनय कशाला?

झालं होतं असं. शुक्रवारच्या मराठी वर्गाला मुलांना नेणारी व्हॅन आहे. नेहमीचा ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून कंपनीने श्याम नावाचा नवीन माणूस दिला. त्याने अंतराला दोन गल्ल्या पलीकडे उतरवलं. तिथल्या वॉचमनने तिला एसीत बसवलं, लबान, म्हणजे इथलं ताक, पाजलं आणि दप्तरावरच्या नंबरला फोन केला. वीस मिनिटांत पोर घरी. देवाची कृपा! पण त्या वीस मिनिटांत तिच्या आईचं, मालविकाचं, काय झालं असेल ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तरी मी म्हटलं, "फोटो टाकणार नाही. उद्यापर्यंत शोधते काय झालं ते, मग लिहिते."

"शोधायचंय काय त्यात? उद्या सहाला कमिटी बसतेय. त्याला काढा म्हणून कंपनीला पत्र जाणार. खलास."

पत्र गेलं की श्यामची नोकरी गेली, आणि नोकरी गेली की विमानात बसवून परत. ते सांगायला कमिटी कशाला हवी?

शनिवारी सकाळी व्हॅन उभ्या असतात तिथल्या चहाच्या दुकानात मी त्याला गाठलं. परभणीकडचा, पंचेचाळिशीचा माणूस. मला बघताच करक चहाचा कप खाली ठेवून उठला.

"ताई, लेकरू गेटच्या आत गेल्याबिगर मी गाडी हलवलीच नाही. साठेसाहेबांच्या कागदावर लिहिलं होतं, खुबूस बेकरीच्या मागं, हिरवं गेट. आन् बेकरी हलली हे तुमच्याच पत्रकात वाचलं की मी!"

त्याने फोन पुढे केला. तीन आठवड्यांपूर्वीचं पत्रक, माझंच वाक्य: 'खुबूस बेकरी दोन गल्ल्या पुढे हलली.' त्या नव्या बेकरीच्या मागेही हिरवं गेट आहेच. आमच्याकडे दर तिसरं गेट हिरवं.

खरं सांगते, माझी छाती फुगली. माणूस पत्रक वाचतो, जपून ठेवतो आणि त्यावर गाडी चालवतो! म्हणजे चूक साठ्यांची. गॅस प्लांटमधला एवढा मोठा इंजिनिअर, आणि बेकरी हलल्यावरही पत्ता देतो बेकरीच्या मागे! तसे आम्ही सगळेच देतो म्हणा. बिल्डिंगच्या निळ्या पाटीवरचे नंबर इथे वाचतो कोण? बंद पडलेल्या दुकानासमोर, पंपाच्या अलीकडे, असंच सांगायचं आणि असंच पोचायचं.

"तू काळजी करू नको," मी श्यामला म्हटलं, "बघतेच मी साठ्यांकडे."

यल्ला, चला, म्हणून चालतच निघाले. डोक्यात भांडणाची वाक्यं तयार. साठ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आले तर गरम खुबूस रोट्यांचा वास.

बेकरी तिथेच होती! शटर वर, भट्टी पेटलेली, पाच माणसं रांगेत. मी आत शिरून बेकरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "हम किधर गया? उधर दूसरा दुकान खोला, बस."

ती बातमी मला चर्चबाहेर आल्फ्रेडने सांगितली होती. आल्फ्रेड माझ्या वसईचा, आमच्याच गावचा. इतरांच्या बातमीसाठी मी चपला झिजवते, पण गाववाल्याचा शब्द म्हटल्यावर दोन गल्ल्या चालून बघितलं नाही. शेण खाल्लं मी! तिथेच मोठ्याने म्हणाले.

आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. श्यामलाही नाही. सहा वाजेपर्यंत तोंड बंद ठेवलं असतं तर अकरा वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. तो विचार आला, नाही कशाला म्हणू? आला आणि लाज वाटली. घरी जाऊन तीन वाजता चारशे फोनांवर पाठवलं: 'खुबूस बेकरी हललेली नाही. आम्ही न बघता खोटी बातमी दिली. श्याम यांनी ती खरी मानली आणि अंतरा साठे चुकीच्या गेटवर उतरली. चूक श्याम यांची नाही, माझी आहे. ग्लोरिया तुस्कानो.'

सहाला कमिटीत मला धू धू धुतलं. पत्रक दोन महिने बंद, असं ठरलं. मी म्हटलं, "ठरवा, हात वर करून ठरवा. पण आधी ते पत्र फाडा." वाईट वाटलं? प्रचंड वाटलं. पण मान खाली घातली नाही.

देवव्रतनी पत्र पुढे ओढलं. मग त्यांनी ते फाडलं आणि सगळ्यांदेखत श्यामला फोन लावला, स्पीकरवर.

"श्यामभाऊ, साठे बोलतोय. पुढच्या शुक्रवारी या. मी गेटवर उभा राहीन."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"येतो साहेब. पण... राग मानू नका. पत्ता तेवढा नीट लिहून द्या."

"हो हो, लगेच पाठवतो." देवव्रतनी पेन काढलं, फाटलेल्या पत्राचाच कोरा तुकडा ओढला आणि थांबले. मग हळूच शेजारी बसलेल्या बायकोकडे वळले.

"मालविका, आपला बिल्डिंग नंबर काय गं?"