पुस्तकात नसलेलं वाक्य

“अँड व्हेअर इज युवर सिस्टर?” फोनवरच्या मुलीनं विचारलं.

“शी इज इन द किचन,” काटेकाका म्हणाले.

“व्हॉट इज शी डूइंग?”

काटेकाकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दिवा बंद होता. ओट्यावर सकाळचा एकच कप धुऊन उपडा घातलेला होता.

“शी इज मेकिंग टी.”

“व्हेरी गुड, अंकल!” मुलगी खूश झाली. वाक्य पाठ एक्केचाळीसमधलं होतं आणि अगदी बिनचूक आलं होतं. खोटं तेवढं होतं. काटेकाकांची ताई जाऊन त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

काटेकाका गेली तीस वर्षं एका वजनकाट्यावर होते. भरलेला ट्रक आला की त्याचं वजन घ्यायचं, माल उतरवून रिकामा परतला की पुन्हा घ्यायचं, वजाबाकी करायची आणि चिठ्ठी फाडून द्यायची. ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव काटेकाका पाडलं आणि ते इतकं चिकटलं की खऱ्या नावासाठी मालकालाही रजिस्टर उघडावं लागे. यंदा मालकानं काट्याला कॉम्प्युटर जोडला आणि म्हणाला, “काटेकाका, आता सगळं इंग्रजीत येणार. क्लास लावा बुवा कुठेतरी. नाहीतर पंचाईत होईल तुमची.”

म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी हा गृहस्थ वही घेऊन ‘नव्वद दिवसांत रोजचं इंग्रजी’ शिकायला जाऊन बसला. आठवड्याभरातच त्यांच्या ध्यानात आलं, की कॉम्प्युटरला तीनच शब्द लागतात. ग्रॉस, टेअर, नेट, म्हणजे भरलेलं वजन, रिकामं वजन आणि वजाबाकी. तेवढ्यावर क्लास सोडला असता तरी चाललं असतं. पण तोवर क्लासच्या बाईंनी फोनच्या जोड्या लावल्या होत्या.

बाईंचं म्हणणं असं, की ओळखीच्या माणसासमोर इंग्रजी बोलायला जीभ लाजते. म्हणून सकाळच्या बॅचमधल्या प्रत्येकाला संध्याकाळच्या बॅचमधला एक अनोळखी जोडीदार. रोज पावणेसातला फोन, पाच मिनिटं, पुस्तकातला एक पाठ. आपल्या भाषेतला एक शब्द जरी तोंडातून निसटला, तरी समोरच्यानं तिथल्या तिथं फोन ठेवायचा. काटेकाकांच्या वाट्याला जी मुलगी आली, ती एका पार्लरमध्ये केस कापायची. तिला प्रवासी जहाजावरच्या पार्लरमध्ये नोकरी हवी होती आणि तिथली मुलाखत इंग्रजीत असते. तेव्हा ती नियमाला पक्की होती.

सुरुवातीला या फोनची सगळ्यात जास्त मजा ताईला वाटायची. ताई काटेकाकांहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, तशी भावाकडे राहायला आली ती कायमची. भावाचं लग्न कधी जमलं नाही आणि पुढे पुढे जमवायला कुणी बसलंही नाही. त्या दोन खोल्यांत दोघं सुखानं भांडत होती.

“आली का रे तुझ्या मडमेची वेळ?” साडेसहालाच ती विचारायची. फोन आला की भाजी निवडता निवडता मागून ओरडायची, “यस यस, नो नो! झालं का? आता जेवायला चल!” पलीकडे मुलगी खो खो हसायची. हे कोण, म्हणून तिनं इंग्रजीतून विचारलं, तेव्हा काटेकाका म्हणाले, “माय सिस्टर.” तेव्हापासून रोजच्या फोनमध्ये ताईची चौकशी ठरून गेली.

आणि मग एका मंगळवारी दुपारी, काटेकाका काट्यावर असताना, शेजारणीचा फोन आला. ते घरी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तीन दिवस नातेवाईक होते. त्या तीन दिवसांत त्यांनी पावणेसातचा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी घर रिकामं झालं आणि त्यांनी उचलला.

“हाऊ आर यू टुडे, अंकल?”

“आय ॲम फाइन, थँक यू,” ते बोलून गेले. पुस्तकात याला दुसरं उत्तर नव्हतंच.

“हाऊ इज युवर सिस्टर?”

“शी इज ऑल्सो फाइन.”

आपल्या भाषेत सांगून टाकावं, असं मनात आलं. पण मग तिला फोन ठेवावा लागणार. उद्या ती ओशाळून म्हणणार, अंकल, तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या, मी दुसरा जोडीदार मागून घेते. आणि मग पावणेसातची वेळसुद्धा दिवसातल्या बाकीच्या वेळांसारखी होऊन जाणार. त्यांनी पुस्तकातलं पुढचं वाक्य म्हटलं.

पुढे तर त्यांना त्याची चटकच लागली. दिवसभर ताई नसायची आणि पावणेसात ते सहा पन्नास ती असायची. पाठ सांगेल तसं ती चहा करायची, कपडे वाळत घालायची, झाडांना पाणी द्यायची. चव्वेचाळिसाव्या पाठात शिंप्याकडे जाऊन त्याच्याशी वादही घालून आली, आणि हे मात्र काटेकाकांना अगदी खरं वाटलं. फक्त त्रेपन्नाव्या पाठात घोटाळा झाला. त्या पाठात डॉक्टर होता.

“युवर सिस्टर हॅज फीवर,” मुलगी म्हणाली.

“नो,” काटेकाका म्हणाले.

“अंकल, इन द बुक, फीवर.”

“नो फीवर. शी इज फाइन.”

“बट अंकल...”

“नो डॉक्टर!” ते इतक्या जोरात म्हणाले की मुलगी सरळ पुढच्या पाठाकडे वळली.

ऐंशीव्या पाठाच्या दिवशी नियम तिनंच मोडला. “अंकल, आज इंग्रजी गेलं खड्ड्यात! झालं माझं! घेतलं मला जहाजावर!” ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. काटेकाकांना मनापासून आनंद झाला.

“पुढच्या आठवड्यात निघतेय. त्याआधी रविवारी सकाळी मी तुमच्याकडे येणार. ताईंचे केस धुऊन मस्त कापून देते. मी अडखळले की त्या मागून काहीतरी बोलायच्या ना, हसू यायचं मला, भीतीच जायची. हल्ली आवाज नाही येत त्यांचा?”

काटेकाकांची गाडी इंग्रजीतच अडकली होती. “यू आर वेलकम,” ते म्हणाले.

पुढचे तीन दिवस त्यांनी एक थाप घोटून घोटून पाठ केली. ताई गावाला गेलीय. अचानक जावं लागलं. तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत. काट्यावर बसूनही त्यांचे ओठ हलत होते. एका ड्रायव्हरनं विचारलंदेखील, “काय काका, परीक्षा आहे का?”

रविवारी दार वाजलं. आवाजावरून वाटली होती त्यापेक्षा मुलगी बरीच ठेंगणी होती. खांद्याला कात्र्या-कंगव्यांची पिशवी आणि चेहरा हसून हसून फुललेला.

“कुठेयत ताई?”

काटेकाकांनी तोंड उघडलं. पण रोज इंग्रजीत सुरळीत जमणारं खोटं आपल्या भाषेत काही केल्या वर येईना.

“ताई वारली,” ते म्हणाले. “दोन महिने झाले.”

मुलगी दारातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना दिसत होतं, की ती मागचे पाठ एकेक करून आठवत होती.

“म्हणजे तो चहा...”

“मीच करायचो.”

“झाडांना पाणी...”

“झाडं वाळली.”

“अंकल, मी रोज विचारत होते हो!” ती चिडलीच. “रोज विचारत होते, कसे आहात, त्या कशा आहेत. एका शब्दानं बोलला नाहीत!”

“तुम्ही...” ते म्हणाले आणि अडले. इंग्रजीत तू म्हणायचं की तुम्ही, हा प्रश्न कधी आलाच नव्हता. “तू विचारायचीस. पण पुस्तकात उत्तर एकच होतं. आणि मला वाटलं, सांगितलं तर तुझा फोन यायचा नाही.”

आता ही पाठ फिरवून जाणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिनं पिशवी स्टुलावर ठेवली. मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचे केस कानांवर आले होते, मानेवर तर कॉलरच्या आत शिरले होते.

“तुमचे केस कोण कापतं?”

“ताईच कापायची.”

“बसा,” ती म्हणाली.

तिनं खुर्ची खिडकीपाशी ओढली, त्यांच्या गळ्याभोवती धुतलेली चादर गुंडाळली आणि मागे उभी राहिली. कात्री सुरू झाली तशी हळू आवाजात विचारलं, “काय झालं होतं?”

नातेवाइकांनी हे विचारलं होतं, पण सगळ्यांना उत्तर दोन वाक्यांत हवं होतं. या मुलीला घाई नव्हती. काटेकाकांनी सकाळपासून सांगायला घेतलं. निघताना ताई म्हणाली होती, साबण संपलाय, येताना आण. तिच्या छातीत दुखत होतं का, ते कुणालाच माहीत नाही. ती बोलली असती तर ते घरीच थांबले असते; मालकाला काय, काट्यावर कुणालाही बसवता आलं असतं. शेजारीण म्हणाली, शांत झोपली होती. शेजारणी असं म्हणतातच. साबण आणायचा राहिलाच. ते बोलत होते आणि मुलगी मध्येच त्यांचं डोकं बोटांनी हलकेच खाली वाकवत होती. दोन महिन्यांत त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण हात चादरीत होते.

“एक विचारू?” बऱ्याच वेळानं ते म्हणाले. “हे इंग्रजीत कसं सांगायचं?”

“काय?”

“ताईचं.”

कात्री थांबली. “पुस्तकात नाहीये ते,” ती म्हणाली. “डाय असा शब्द आहे. पण पार्लरमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या बायका येतात, त्या पास्ड अवे म्हणतात. ते जरा मऊ वाटतं. माय सिस्टर पास्ड अवे.”

“माय सिस्टर,” काटेकाका म्हणाले आणि थांबले.

“राहू दे अंकल. मी वहीत लिहून देते.”

“नको,” ते म्हणाले. “तू अक्षरं सांग, मी लिहितो.”

त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला, खिडकीतली वही मांडीवर घेतली. ती मागून केस कापत एकेक अक्षर सांगत गेली आणि ते हळूहळू गिरवत गेले. कागदावर बारीक पांढरे केस पडत होते. ते फुंकून त्यांनी पुढचं अक्षर विचारलं.