धाबळीची चवड

सकाळी अंथरुणातून उठताना नानांच्या टाचेत पहिल्याच पावलाला खिळा घुसल्यागत कळ यायची. चार पावलं चाललं की ती ओसरायची आणि पूजेला उभं राहिलं की पुन्हा वर यायची. जवळा बाजार गावच्या देवळात पुजारी म्हणून त्यांचा उभा जन्म दगडी फरशीवर अनवाणी गेला होता. बायकोनं, गंगूताईंनी, विटेचा शेक दिला. शेजाऱ्यांनी बिब्बा सुचवला. शेवटी पुतण्या अनिरुद्ध त्यांना हिंगोलीला घेऊन गेला.

"काका, टाचेपासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो. तो ताणून ताणून दुखावलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उठायच्या आधी टॉवेलनं पायाची बोटं आपल्याकडं ओढा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. गार बाटली तळव्याखाली फिरवा. आणि कडक फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही. सावकाश जाईल, महिने लागतील."

परतताना एसटीत नाना हिरमुसून बसले होते. "देवापुढं चप्पल घालून उभं राहू का आता?"

"चप्पल काहून?" अनिरुद्ध म्हणाला. "लोकर सोवळ्यात चालते न्हाई का? धाबळी नेसूनच पूजा करतो आपण. काकूला जुन्या धाबळीच्या घड्या एकावर एक ठेवून चवड शिवायला सांगा अन् टाचेखाली बांधा. कुणाला कळून राहिलं?"

नानांचे डोळे भरून आले. सख्खं पोरगं नव्हतं, पण हे होतं.

गंगूताईंनी चवड शिवली. नाना रोज पोटऱ्या ताणत, बाटली फिरवत. पावसाळा सरता सरता सकाळची कळ निम्म्यावर आली. त्यांनी ही बातमी सगळ्यात आधी अनिरुद्धला सांगितली.

त्याच आठवड्यात देवळाच्या पंचांनी सभामंडपात बोलावणं धाडलं.

"नाना, तुमी गाभाऱ्यात पायताण घालता म्हणे," पंचांचे प्रमुख नरसिंगराव म्हणाले.

"पायताण नव्हे, लोकर आहे. सोवळ्यातली."

"पायात बांधलं की पायताणच. नुसती खाली अंथरली असती तर गोष्ट वेगळी. ही अक्कल दिली कुणी?"

नानांनी अनिरुद्धकडं पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता. आता बोलेल, म्हणून नाना थांबले.

"आमी काय सांगावं?" अनिरुद्ध म्हणाला. "वय झालंय त्यांचं. तकलीफ बघवत न्हाई. मी सांभाळीन पूजा."

चवडीची गोष्ट गंगूताई आणि अनिरुद्ध सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. नानांना हे तिथंच आठवलं.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्ध गाभाऱ्याची किल्ली न्यायला आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"नाराज होऊ नका, नाना. टाच पुरती बरी झाली की पंचांशी बोलू."

"दुखत होती तवर तू गप होतास," नाना किल्ली त्याच्या हातावर ठेवत म्हणाले. "बरी व्हायला लागली अन् तुला घाई झाली."

अनिरुद्धनं मान खाली घातली, पण किल्ली मुठीत घट्ट धरली.

"अनिरुद्ध आलाय का? चहा टाकू?" आतून गंगूताईंनी विचारलं.

"नको," नाना म्हणाले. "त्याची पूजा व्हायचीय."