हात सोडून, सात खांब

“दिसायला सरळ दिसली की पुरे, मामा. मला ती विकायचीच आहे,” सिस्टर म्हणाल्या. बोलताना त्या मोटरसायकलकडे बघतच नव्हत्या, भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बघत होत्या. उजवे मनगट प्लास्टरमध्ये होते.

मामांनी गाडीकडे पाहिले. पुलाच्या कठड्याने तिचे तोंड पार आत ढकलले होते. पुढचे चाक इंजिनाला टेकले होते, दिवा फुटून लोंबत होता. पण गाडी राखलेली होती. सीटची उसवलेली शिवण हाताने घातलेली, चेनला वेळच्या वेळी तेल. अशी गाडी कुणी खुशीने विकत नाही, हे मामांनी तिथेच ताडले.

“सरळ दिसणं वेगळं आणि सरळ असणं वेगळं, सिस्टर. ठोकून सरळ केलेले शॉकअप मी बसवत नाही. विकायची असली तरी नाही. घेणाऱ्यालाही आईबाप असतात.”

मामांना सगळा भाग हातसोडे म्हणत असे. ते काही त्यांचे आडनाव नव्हे. अपघाताची गाडी दुरुस्त झाली की मामा ती स्वतः गोदामांमागच्या रस्त्यावर नेत, बेताचा वेग धरत आणि दोन्ही हात हँडलवरून उचलून छातीशी घेत. पहिल्या दिव्याच्या खांबापासून सातव्या खांबापर्यंत गाडी नाकासमोर गेली, तरच ती मालकाला मिळे. केसभर जरी एका बाजूला ओढली, तरी पुन्हा सगळे उघडायचे. मालक दारात हातपाय आपटत उभा असला तरी! चौतीस वर्षे हा नेम चालला होता. ‘हातसोड्यांनी चालवून बघितलीय’ एवढे म्हटले की जुन्या गाडीचे गिऱ्हाईक पुढचा प्रश्नच विचारत नसे.

आणि आता तोच नेम मामांच्या गळ्याशी आला होता. गेल्या वर्षभरात त्यांच्या नजरेच्या दोन्ही कडा अंधारत चालल्या होत्या. समोरचे लख्ख दिसे, अजून सुईत दोरा ओवता येई. पण डावीउजवीकडचे काही म्हणता काही कळत नसे. मागच्याच आठवड्यात चौथ्या खांबापाशी एक शाळकरी मुलगी सायकलवरून बोळातून बाहेर आली. मामांना ती दिसलीच नाही. फक्त किंकाळी ऐकू आली. वीतभराने वाचली पोर. मामांनी हे कुणालाही सांगितले नव्हते, बायकोलासुद्धा नाही. सांगितले की चालवणे बंद, आणि चालवणे बंद झाले की हातसोडे उरले कुठे?

त्यांनी पुढचे चाक काढले, दोन्ही शॉकअप उतरवले, त्यांचे लोखंडी पाइप पुसून लख्ख केले आणि टेबलावरच्या आरशाशी आले. हा आरसा मूळचा बायकोच्या कपाटाचा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मामांनी तो काढून आणला, कारण इतकी सपाट वस्तू दुसरी सापडेना. “तेव्हापासून माझी वेणी अंदाजानंच चाललीय,” असे बायको अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

पहिला पाइप आरशावर टकटक आपटत घरंगळला. लंगडाच. दुसरा मात्र डोळ्याला अगदी धड वाटत होता. मामांनी तो बोटांच्या टोकांनी हळूच फिरवला आणि गाल टेबलाला टेकवून पाहिले. पाइपाखाली उजेडाची बारीक रेघ उघडत होती, मिटत होती.

“हाही गेला,” ते म्हणाले.

सिस्टर वाकल्या. “एवढंसं? हे तर मला नीट दिसतही नाहीये.”

“वळणावर तुम्हाला दिसलं असतं.”

मग मामांनी करवत घेतली आणि दोन्ही पाइप मधोमध कापले. अख्खे भंगारात टाकले तर कुणीतरी ते ठोकून नवे म्हणून विकतो, कुणीतरी ते घेतो आणि मग दवाखान्याची धन होते, असे त्यांचे म्हणणे. सिस्टर ती करवत चालताना बघत राहिल्या. चौदा वर्षे त्याही वापरलेली सुई अशीच मोडून टाकत आल्या होत्या. या माणसाबद्दल त्यांना एकदम आपलेपणा वाटला आणि त्या आपणहून बोलल्या.

“खरं सांगू, मामा? घरचे कुणी विका म्हणत नाहीत. मीच म्हणतेय. वर डोंगरात नऊ वस्त्या आहेत माझ्याकडे, जीप खालीच थांबते. लशीचा डबा मागं बांधून मीच जायची. पण आता नुसती किल्ली हातात घेतली तरी पोटात गोळा येतो. वाटतं, परत ती मला नेऊन आपटणार.”

“गाडी नाही आपटत हो. तुम्ही आडव्या आलेल्या वासराला वाचवलंत, म्हणून कठड्यावर गेलात.”

“ते डोक्याला कळतं. पोटाला कोण सांगणार?”

मामांनी कापलेले तुकडे भंगारात टाकले. त्यांना चौथा खांब आठवला.

नवे पाइप यायला आणि सिस्टरांचे प्लास्टर निघायला एकच गाठ पडली. त्या दिवशी त्या दुपारीच येऊन स्टुलावर बसल्या. मामांनी दोन्ही पाइप, नवे असूनही, आधी आरशावर फिरवून पाहिले. मग तेलाची सीले बसवली, मापाने दोन्हीकडे सारखे तेल ओतले, हँडल ज्यावर फिरते त्या कोनसेटमध्ये लोखंडाची एकेक गोळी ग्रीसमध्ये बुडवून मांडली. पुढच्या आणि मागच्या चाकाला दोरी ताणून चेसी तपासली. हात असे चालत होते की बघणाऱ्याने श्वास रोखून बघावे. सिस्टरांनी मोठमोठ्या सर्जनांचे हात जवळून पाहिले होते. असे हात त्यांतही थोडेच.

पण त्यांनी आणखीही काही पाहिले. डावीकडे ठेवलेला पाना घ्यायला मामा अख्खी मान वळवत. तेलाच्या परातीला त्यांचा पाय दोनदा लागला. बायकोने चहा आणला, तो बाजूला न ठेवता थेट त्यांच्या नाकासमोर धरला.

“मामा, जरा माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. ही बोटं किती?”

“बोटं? कुठली बोटं?”

सिस्टरांनी बाजूला धरलेला हात खाली घेतला. “तुम्हाला काचबिंदू असणार. गेलेलं परत यायचं नाही. पण थेंब सुरू केले तर उरलेलं टिकेल. कधीपासून आहे हे?”

“हळू बोला हो! आमच्या हिला कळलं तर...”

“मला कळून सहा महिने झाले!” दारातून बायको कडाडली. “चहाचा कप काय मी हौस म्हणून तोंडासमोर धरते? म्हटलं, आज स्वतःहून सांगतील, उद्या सांगतील. कसलं काय!”

मग जे भांडण जुंपले, त्यात कपाटाच्या आरशापर्यंत सगळे निघाले. मामा तोंडाने भांडत होते आणि हातांनी पुढच्या चाकाचा एक्सल आवळत होते. शेवटी त्यांनी पाना ठेवला, भिंतीवरचे हेल्मेट काढले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. सिस्टरांनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

“तुम्ही चालवायची नाही.”

“मग कोण चालवणार? बघितल्याशिवाय गाडी इथून हलत नाही.”

मामा गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांच्या तोंडून ते निघालेच. चौथा खांब, बोळ, सायकल, किंकाळी. “रोज रात्री कानात वाजतं ते,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. बायकोने पदराने त्यांचे तोंड पुसले. भांडण तिथेच संपले.

“मागे बसून कळेल तुम्हाला?” सिस्टरांनी एकदम विचारले.

“काय?”

“गाडी ओढते की नाही ते. मी चालवते. तुम्ही मागे बसा.”

मामांनी विचार केला. “हाताला कळतं ते बुडालाही कळायला हवं,” ते गंभीरपणे म्हणाले, आणि बायकोला हसू आवरेना.

गोदामांमागे ऊन पडले होते. मामांना मागे बसवून सिस्टरांनी गाडी तिथवर हळूहळू नेली. बोळापाशी एकदा थांबून त्यांनी दोन्हीकडे नीट पाहिले, वळून परत पहिल्या खांबाशी आल्या आणि वेग धरला.

“हात सोडा.”

“मामा...”

“मी आहे. सोडा.”

त्यांनी सोडले. पहिला खांब, दुसरा, तिसरा. गाडी पाण्यासारखी चालली होती. सिस्टरांना हुंदका आला, तो आनंदाचा.

“धरा,” मागून मामा म्हणाले. “डावीकडे ओढतेय.”

“छे! मला तर काहीच...”

“ओढतेय. चूक माझी आहे. परत चला.”

एक्सल आवळण्याआधी गाडीचे तोंड चारसहा वेळा खालीवर दाबायचे असते, म्हणजे दोन्ही शॉकअप आपापल्या जागी मोकळे बसतात. भांडणाच्या भरात मामांनी ते केलेच नव्हते. त्यांनी एक्सल ढिला केला आणि मागे सरले. “तुम्ही दाबा. सगळा भार द्या.” सिस्टरांनी हँडल धरून दाबले. मनगट दुखले, तरी दाबले. मग मामांनी सावकाश, अगदी सावकाश आवळले.

दुसऱ्यांदा गाडी सातही खांब नाकासमोर गेली. सातव्यानंतर मामा “धरा” म्हणाले, तरी सिस्टर थोडा वेळ तशाच जात राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या लशीचा डबा मागे बांधून वर गेल्या. जाताना डॉक्टरांना विचारून आणलेली थेंबांची बाटली मामांच्या हातात देऊन गेल्या आणि महिनाभरात डोळे दाखवून घ्यायची शपथ घालून गेल्या.

पंधरवड्याने पोस्टमन आपली दुरुस्त झालेली गाडी न्यायला आला. त्याने हँडल हलवून पाहिले आणि नेहमीप्रमाणे विचारले, “मामा, तुम्ही हात सोडून बघितलीत ना?”

बायको दारातच होती. तिने मामांकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

मामांनी भिंतीवरचे हेल्मेट काढले, डोक्यावर घातले, पट्टा बांधला. किल्ली पोस्टमनच्या हातात दिली. “नाही. मला आता बाजूचं दिसत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही चालवा. मी सांगतो.”

आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले. पाठ ताठ, डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर.