चॅनल अकराची चौथी सोयरीक

“मावशी, तुम्ही फक्त हसायचं. मग रडू आलं तर येऊ द्या, ते छानच दिसतं. पण आधी हसायचं.”

चॅनल अकराचा नवा मॅनेजर ट्रेव्हर कुल्प हे समजावत होता, तेव्हा कुणीतरी आर्डिसच्या कॉलरला माइक अडकवत होतं. अंगात तिचा तो जुना पिवळा एप्रन होता. सत्तरीत ती आक्रसली होती, म्हणून मागून चिमटे लावून तो आवळला होता. स्टुडिओत मांडलेल्या खुर्च्यांवर हॅलर्ट गावची मंडळी कागदी बशांत केक आणि हॅमच्या कापात गुंडाळलेल्या लोणच्याच्या काकड्या घेऊन बसली होती. चॅनलला पन्नास वर्षं झाली होती, आणि तोच मुहूर्त साधून चॅनल चौथं नेटवर्क धरत होतं.

आर्डिसला पन्नास वर्षांचंही सोयरसुतक नव्हतं आणि चौथ्या नेटवर्कचंही. ती मार्नीला बघायला आली होती.

एवढ्याशा गावातल्या चॅनलचं स्वतःचं असं असतं तरी काय? बातम्या, हवामान, शाळांचे सामने. बाकीचा दिवस भरायला मोठं नेटवर्क लागतं, आणि नेटवर्क म्हणजे श्रीमंत सासर, नांदवतील तोवर नांदायचं. पहिलं चोवीस वर्षं टिकलं. अठ्ठ्याहत्तर साली दुसऱ्याने मालकाला जास्त भाव दिला, ते फुटबॉलवालं. गावातल्या बायकांच्या दुपारच्या मालिका एका रात्रीत गेल्या आणि त्यांनी फोन करकरून ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढे फुटबॉलवाल्यांनी शेजारच्या मोठ्या शहराशी सूत जुळवून अकराला टाकलं. मग ज्याला कुणी विचारत नव्हतं असं तिसरं मिळालं. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

दर सोयरिकीला आर्डिसचा, म्हणजे पडद्यावरच्या आर्डीमावशीचा, मुलांचा कार्यक्रम कडेला सरकायचा. दुपारी चारचा सकाळी सातला गेला, सातचा रविवारी पहाटे, कोंबडंही उठलेलं नसताना, आणि मग बंदच झाला. तिने चकार शब्द काढला नाही. उलट दर खेपेला नव्या नेटवर्कच्या स्वागताचं गाणं हसतहसत म्हणायला तीच पुढे. गाव तिच्यावर विश्वास ठेवायचं ना!

मार्नी तिची एकुलती एक. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, नऊ वर्षांची असताना, ती एकदाच आईच्या कार्यक्रमात आली आणि एक छोटंसं गाणं म्हणून गेली. पुढच्याच फेब्रुवारीत मेंदूज्वराने तिला नेलं. तिचे फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत. पोरीचा आवाज आर्डिस विसरत चालली होती, आणि ही लाज तिने कुणाजवळही उघड केली नव्हती. त्या काळी टेपा महाग, म्हणून त्याच पुसून पुन्हा वापरायची रीत होती. तुझ्या कार्यक्रमाचं काहीएक उरलेलं नाही, असं तिला केव्हाच सांगितलं गेलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात ट्रेव्हरचा फोन आला. जुन्या सामानात एक टेप सापडली होती, बाहेरगावी पाठवून त्याने ती चालती करून आणली होती. “त्यात तुम्ही म्हणता, आज माझी मुलगी येणार आहे,” तो म्हणाला. आर्डिसने फोनवरच हातापाया पडून विनवलं, एकदा, फक्त एकदा मला एकटीला बघू द्या. तो मोकळेपणी हसला. तुम्ही पहिल्यांदा बघताना तुमचा चेहरा कॅमेऱ्यात हवा, आधीच बघितलंत तर गंमत काय राहिली, असं त्याचं म्हणणं. तो परगावचा. मार्नी गेलेली आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आर्डिसनेही सांगितलं नाही. सांगितलं तर तो बेत बदलेल अशी तिला धास्ती वाटली.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ड्वेन स्टोल्झ तिच्या खुर्चीपाशी आला. टेपांचं यंत्र त्या काळी तोच चालवायचा, आता गुडघे धरून बसलेला पेन्शनर. कुठली टेप लावणार हे त्याला आत्ताच कळलं होतं.

“आर्डिस, नको बघूस. चल, मी घरी सोडतो तुला.”

“वेडा आहेस का रे? पंचवीस वर्षं वाट बघितलीय मी.”

“अगं, ऐक माझं...”

तेवढ्यात दिवे लागले आणि त्याला जागेवर पिटाळलं गेलं.

पडद्यावर आर्डीमावशी आली. भरलेले गाल, डोक्यावर केसांचा मनोरा. तरुण मंडळींत खसखस पिकली. “बाळांनो,” पडद्यावरची म्हणत होती, “आज माझ्याकडे एक खास पाहुणी आहे. माझीच लेक आहे ती. बोलावू या?” आणि पडद्यामागून एक बारीक, किंचित घोगरा आवाज आला.

“आई, आता येऊ?”

आर्डिसच्या तोंडून हुंकार निघून गेला. हाच, अगदी हाच आवाज. सर्दी झाल्यासारखा. कसा विसरले मी?

“ये गं,” पडद्यावरची म्हणाली. चित्र झिरमिळलं आणि बँड वाजू लागला. चॅनल अकराची सगळी मंडळी पांढऱ्या पोशाखात नाचत होती आणि मधोमध आर्डिस, हात पसरून, दात दाखवत गात होती, आम्ही तेच, घर तेवढं नवं! मागच्या फलकावर फुटबॉलवाल्यांचं चिन्ह. स्टुडिओ हसून लोटपोट झाला. जुन्यांपैकी चारसहा जणांनी मात्र हातातल्या बशा खाली ठेवल्या.

गाणं संपलं, चित्र पुन्हा झिरमिळलं आणि कार्यक्रम परत सुरू झाला. आर्डीमावशी टाळ्या वाजवत होती. “वा गं माझी सोन्या! बाळांनो, आवडलं का गाणं?” तिच्या शेजारचा झोका नुसताच हलत होता.

तेव्हा तिला तो दिवस आठवला. मार्नीला स्वतःला बघायचं होतं, म्हणून संध्याकाळी तिला स्टुडिओत आणलं होतं. पोरीने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा लाव म्हणाली. ड्वेनने टेप बरोबर तिच्या गाण्यापाशी मागे आणून ठेवली आणि तेवढ्यात जेवणाची वेळ झाली म्हणून मायलेकी घरी गेल्या. दुसऱ्या सकाळी नव्या नेटवर्कचं गाणं चित्रित करायचं होतं, आणि कोरी टेप हाताशी नव्हती.

ड्वेन खुर्चीतून उठला होता. “मी विचारलं होतं गं तुला,” तो म्हणाला. “यंत्रावर तुझ्या लेकीची टेप आहे, चालेल का, म्हणून.”

“आणि मी काय म्हणाले?”

“आर्डिस, जाऊ दे आता.”

“काय म्हणाले मी?”

“चालव म्हणालीस. पोर काय, पुढच्या महिन्यात पुन्हा गाईल.”

ट्रेव्हरला यातलं काहीच कळलं नाही. त्याला फक्त दिसलं की म्हातारीचा चेहरा कॅमेऱ्यात विलक्षण आलाय. तो माइक घेऊन पुढे आला आणि मावशी आता हेच गाणं आपल्या नव्या नेटवर्कसाठी म्हणतील, असं त्याने जाहीर करून टाकलं. बँड वाजला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, आणि जन्मभराची सवय ती, आर्डिसने हात पसरले, दात दाखवले आणि गायली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ड्वेन बाहेर निघून गेला होता.

तिच्या त्या गाण्याची जाहिरात उन्हाळाभर दर तासाला लागायची. ट्रेव्हरने तिला आभारादाखल टेपची नक्कल असलेली एक डिस्क आणि फुलं पाठवली.

आर्डिस रोज दुपारी ती डिस्क लावते. रिमोट दोन्ही हातांत धरते, बोटं वाकडी झालीत म्हणून. मार्नी विचारते, “आई, आता येऊ?” तिथेच थांबवायचं असतं. पण आर्डिसला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. “ये गं,” ती म्हणते, आणि मग बटण दाबायला जाते. तोवर पडद्यावर ती स्वतःच आलेली असते, हात पसरून, हसत.