स्वल्पविरामवाल्या बाई

“कागदावर आहे तेवढंच वाचायचं. पदरचं अक्षर घालायचं नाही, आणि लेखकाची दया आली म्हणून चूक गिळायची नाही.”

छापखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी मास्तरांनी मला हे सांगितलं. मास्तर प्रुफं तपासायचे. मी समोर बसून लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायचे, आणि माझ्या आवाजामागून त्यांची पेन्सिल छापील कागदावरून सरकायची. नुसते शब्द वाचून भागत नसे. स्वल्पविराम, पूर्णविराम, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. एकोणतीस वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्यात माझं स्वतःचं वाक्य दिवसाला एखादंच. “मास्तर, चहा आलाय.” त्यावरही ते मान वर न करता म्हणायचे, “पूर्णविराम राहिला.”

मास्तर गेले. पुढच्या वर्षी छापखानाही बंद झाला.

सकाळी दिवा लावून जप करायचा आणि संध्याकाळी त्याच दिव्यापुढे बसून दिवसभरात आपण काय खोटं बोललो ते आठवायचं, हा माझा जुना नेम. छापखाना बंद झाल्यावर आठवायला काही उरेना. खोटं बोलायलाही समोर माणूस लागतं. जप संपला की खोलीत दिवसभर आवाज असायचा तो वरच्या मजल्यावरच्या नळाचा. एकदा दूधवाल्याने “किती?” विचारलं आणि माझा आवाजच फुटला नाही, दोन बोटं दाखवली.

अशात वहिनीचा फोन आला. “वन्सं, ऐका. अंध माणसांच्या एका वसतिगृहाला सकाळी दोन तास वाचून दाखवणारं कुणीतरी हवंय. तुमच्यासाठीच काढलीय जागा. स्वतःविषयी आणि कामाविषयी पाच ओळी लिहायच्या आणि सोमवारी तिथे वाचून दाखवायच्या.”

“पाच ओळी?”

“आख्खी पुस्तकं वाचलीत, पाच ओळींना काय घाबरता?”

पण पुस्तकं दुसऱ्यांची होती. दोन दिवस मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. ‘मी’ लिहिलं की पुढे पेन चालेना. शेवटी वहिनीला फोन करून एक ओळ वाचून दाखवली, “मी छापखान्यात कॉपी धरायचे.”

पलीकडे वहिनी खो खो हसायला लागली. “अहो, लोकांना वाटेल परीक्षेत पोरांच्या कॉप्या पकडायच्या तुम्ही! आधीच चष्मा, त्यात तो आवाज. वर्ग रिकामा होईल.”

“मूळ प्रत वाचून दाखवण्याला आमच्यात तसंच म्हणतात.”

“तुमच्यात म्हणजे कुणात? तुम्ही आणि मास्तर. आता ते म्हणायला तुम्ही एकट्याच उरलात.” मग तिला स्वतःलाच ते लागलं असावं. आवाज उतरवून म्हणाली, “घ्या लिहून. मी अनुभवी, उत्साही आणि मनमिळाऊ—”

“मनमिळाऊ? कुणाशी?”

“वन्सं, नोकरीच्या अर्जात देव येत नाही तपासायला. लिहा.”

मी लिहिलं. त्या संध्याकाळी दिव्यापुढे बरंच काही आठवायचं होतं.

मला ती जागा किती हवी होती हे मी वहिनीलाही सांगितलं नव्हतं. रोज दोन तास कुणीतरी माझ्या आवाजाकडे कान लावून बसेल, एवढंच हवं होतं मला.

सोमवारी वसतिगृहाच्या दिवाणखान्यात सात-आठ जणं खुर्च्यांवर बसली होती, मान किंचित कलती करून. कडेला व्यवस्थापक बाई. माझ्याआधी त्याच जागेसाठी आलेले एक गृहस्थ बोलून गेले. आवाज असा, की भांड्यात ओतून ठेवावा. मग माझी पाळी. कागद हातात आला, सगळे गप्प झाले, आणि एकोणतीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

“नमस्कार स्वल्पविराम मी अनुभवी स्वल्पविराम उत्साही ही दुसरी वेलांटी आणि मनमिळाऊ—”

खोलीत हशा पिकला. एक आजोबा म्हणाले, “पुढे जा बाई, मिळाऊचा ऊ कोणता?”

“दीर्घ,” मी म्हटलं. पुन्हा हशा. पुढच्या ओळी मला दिसेनात. व्यवस्थापक बाई चांगल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. “कळवू आम्ही,” म्हणाल्या. त्याचा अर्थ मला कळला.

मी चपला घालत होते तेवढ्यात मागून हाक आली. “ओ स्वल्पविरामवाल्या बाई!”

भिंतीला हात लावत एक म्हातारी येत होती. ताठ कण्याची, बारीक केस. तिला तिथे सगळे खटखट मावशी म्हणतात हे तिनेच सांगितलं. पूर्वी एका कचेरीत टायपिस्ट होती. दृष्टी गेली तरी यंत्र सोडलं नव्हतं. “इथे येणाऱ्या डोळसांना वाचायला येतं, पण बघायला येत नाही,” दिवाणखान्याकडे तोंड करून ती म्हणाली. “चला माझ्या खोलीत. एक कागद बघायचाय.”

खोलीत खिडकीशी टाइपरायटर होता. तिने चाचपून ड्रॉवरमधून कागद काढला. “धाकट्या भावाला लिहिलंय. दर महिन्याला लिहिते. दीड वर्ष झालं, त्याचं उत्तर नाही. इथल्या कामाच्या मुलींना विचारलं तर म्हणतात, छान लिहिलंय मावशी. छान! माझं टायपिंग कधी कुणी छान म्हटलं नाही, बरोबर म्हटलं. तुम्ही वाचा. स्वल्पविरामासकट.”

मी कागद हातात घेतला. तो कोरा होता.

उलटून पाहिला. मागेही कोरा. तिचा चेहरा माझ्याकडे होता, वाट बघत. ‘छान आहे’ म्हणणं सोपं होतं. त्या मुलींनाही ते तितकंच सोपं गेलं असणार.

“मावशी,” मी म्हटलं, “रिबन वाळलीय. शाई उमटलेली नाही.”

ती हळूच खुर्चीवर बसली. “म्हणजे त्याला कोरे कागद जात होते. अठरा.” टाइपरायटरवर हात ठेवून म्हणाली, “त्याला वाटलं असेल, ताई रुसली.”

मी खिडकीशी जाऊन कागद उजेडात तिरपा धरला. टाइपरायटरच्या खिळ्यांनी कागद दबला होता. बारीक, बिनशाईची अक्षरं. छापखान्यात कधीकधी पुसट प्रुफं अशीच धरावी लागत. मी वाचू लागले. “प्रिय बाळ स्वल्पविराम नवा परिच्छेद तुझी तब्येत कशी आहे प्रश्नचिन्ह इथे सगळं ठीक पूर्णविराम मी चिडलेली नाही पूर्णविराम तू चिडला आहेस का—”

“प्रश्नचिन्ह दिलंय का तिथे?”

“नाही. राहिलंय.”

“राहू द्या,” ती म्हणाली. “नको. घालायला हवं.” तिने पदराने डोळे टिपले, मग एकदम खेकसली, “तुम्ही नेमकं करता काय हो? ते उत्साही, मनमिळाऊ सोडून सांगा.”

“समोर जे आहे ते मोठ्याने सांगते,” मी म्हटलं. “म्हणजे दुसऱ्याला आपलं काय राहिलं ते कळतं.”

“मग हे सांगायचं सोडून तिथे काय भजन लावलं होतंत?”

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी माणसासमोर आलेलं हसू. मी तिला म्हटलं की गुरुवारी नवी रिबन घेऊन येते. तुम्ही टाइप करा, मी ओळ उमटेल तशी वाचत जाईन.

“येते म्हणणारे पुष्कळ,” ती म्हणाली.

रिबन मिळवायला दोन दिवस चार दुकानं फिरले. शेवटच्या दुकानदाराने माळ्यावरून धुळीचा डबा काढला आणि विचारलं, “बाई, अजून जिवंत आहे का कुणी हे वापरणारं?” “आहे,” मी म्हटलं.

बुधवारी व्यवस्थापक बाईंचा फोन आला. त्या गृहस्थांना घेतलं होतं. “तुमचा आवाजही चांगला आहे हो, पण ऐकणाऱ्यांना जरा...”

“कळलं मला,” मी म्हटलं. “उद्या मी येणार आहे मात्र.”

“उद्या? पण जागा तर...”

“जागेसाठी नाही. खटखट मावशींना शब्द दिलाय.”

त्या रात्री झोप फारशी लागली नाही. जागा गेली होती. शुक्रवारी, शनिवारी पुन्हा तो नळच. गुरुवारी सकाळी जप झाला, चहा झाला. रिबन रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, सोबत पत्रांसाठी चार पाकिटं घेतली. दार ओढून कुलूप लावलं, एकदा हलवून पाहिलं, आणि जिना उतरू लागले.