पलीकडची दोन सडं

"वहिनी, जनावराचा यात काही दोष नाही. धार काढणाऱ्याकडे बघा," जनावरांचे डॉक्टर म्हणाले आणि आमच्याच बादलीत हात धुऊ लागले.

मी हसले. प्रत्येक गोठ्यात एक तरी विनोद करून जायची त्यांना सवय आहे. मला वाटलं, आमच्या वाट्याला हा आला.

गाईची कास दगडासारखी झाली होती, अंगात ताप होता. जवळची दोन सडं मोकळी, पलीकडची दोन तटतटलेली.

"एका हाताचं दूध आहे हे," डॉक्टर म्हणाले. "दुसरा हात कुठे असतो ते विचारा. या महिन्यातला हा सातवा गोठा. सातही ठिकाणी पलीकडचीच सडं."

मी पडले शिकलेली. डॉक्टर गेल्यावर कास धुण्याचं वेळापत्रक करून गोठ्याच्या दाराला चिकटवलं, कोमट पाण्याची सोय केली, फडकी उकळली. माझी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची. बाळंतपणानंतर एका बाजूला दूध साठून मी तीन दिवस तापानं फणफणले होते, त्यामुळे गाईचं दुखणं मला थेट कळलं. धार काढणाऱ्याचं कळलं नाही.

धार काढायचे भावोजी, माझे धाकटे दीर. आमचे हे डेअरीचा टँकर चालवतात, आठवड्यातले चार दिवस बाहेर. गोठा सगळा भावोजींवर. आणि भावोजींचा दुसरा हात फोनवर.

आम्ही दूध घालतो त्या केंद्राला लागूनच पैजांचं दुकान उघडलं होतं. आधी हे धंदे पडद्याआड चालायचे. कायदा बदलला तशी बाहेर हिरवी पाटी आली, आत खुर्च्या, पंखा, थंड पाणी. आरोग्य केंद्रात यातलं काहीच नव्हतं. आणि दुकानापर्यंत चालायचा कंटाळा आला तर तेच दुकान फोनमध्ये.

"पास झालंय ना ते?" सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आमच्याकडे दूध रोज तपासलं जातं, नापास झालं की डोळ्यांदेखत गटारात ओततात. जे ओतलं नाही ते चांगलं, असा त्यांचा सरळ हिशेब.

"परवाना काचेत लावलाय, आई."

"मग झालं. आणि पाटीवर काय लिहिलंय?"

"जबाबदारीने खेळा."

"बघ, बजावतात सुद्धा. दारूवाला कधी बजावतो का?"

तेव्हापासून भावोजी कुठल्या कुठल्या देशांतल्या सामन्यांवर पैजा लावू लागले. पंधरा दिवसांत त्यांच्या पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडावं लागलं. जेवणाचं ताट अर्ध्यावर सरकवायचे, पोटात आग पडते म्हणायचे. मुलीनं हात पुढे केले तर "थांब हं, दोन मिनिटं," म्हणायचे. ती थांबायची. तिला दोन मिनिटं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही.

मी हे सगळं बघत होते. वेळापत्रकात मात्र फक्त गाय होती.

एका सकाळी बादली वाजली नाही म्हणून मुलीला कडेवर घेऊन गोठ्यात गेले. भावोजी गाईशेजारी उकिडवे बसलेले. दोन्ही हात मोकळे, बादली कोरडी. पायाशी गोचिडाच्या औषधाची बाटली, झाकण बाजूला काढून ठेवलेलं.

"गोचीड झालेत का, भावोजी?"

"हो."

"कुठे?"

त्यांनी गाईकडे बघितलं. "असतील."

आमच्या घरात सुनेनं दिराला काय विचारावं याच्या मर्यादा आहेत. मी चहा हवा का असं विचारावं तसं विचारलं, "भावोजी, मरायचा विचार करताय का?"

ते दचकले नाहीत. उलट कुणीतरी विचारलं याचं बरं वाटल्यासारखं म्हणाले, "आत्ता नाही. संध्याकाळी मॅच आहे."

"आणि मॅचनंतर?"

"हरलो तर बघू, असं ठरवलं होतं."

"जिंकलात तर?"

"तर उद्याची असते."

"हिला घ्या," मी म्हणाले. "दोन्ही हातांनी. ती आता उसळ्या मारते."

त्यांनी घेतलं. मी बाटली उचलली, झाकण लावलं आणि सासूबाईंना हाक मारली. दहा वाजता आम्ही सगळे आरोग्य केंद्राच्या बाकावर होतो. बाकावरच्या शेजारणीला सासूबाई 'याचं पोट दुखतंय' म्हणून सांगत होत्या.

सिस्टरनी फॉर्म काढला. तंबाखू? नाही. दारू? नाही. मग त्यांचं पेन थांबलं.

"पैजांचा रकाना नाहीये," त्या म्हणाल्या. "आठवड्याला चार-पाच जण येतात. झोप नाही, छातीत धडधड. मी 'इतर'मध्ये लिहिते."

"पण ते पास झालेलं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"दुकान पास झालंय, मावशी. माणसाला काय होतं ते कुणी तपासलेलं नाही."

घरी येताना सासूबाईंनी भावोजींचा फोन मागून घेतला आणि कमरेला खोचला.

तिसऱ्या दिवशी तो वाजला. त्यांनी मला वाचायला दिला. 'दोन दिवस दिसला नाहीत. सगळं ठीक आहे ना? तुमची आठवण येते.'

"कोण ही बाई?"

"बाई नाही. दुकानाचं यंत्र आहे, आपोआप पाठवतं."

"म्हणजे आपल्याआधी यंत्रानं विचारलं," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी निवडत बसल्या. त्या दिवशी त्यांनी तीच जुडी दोनदा निवडली.

भावोजी दर मंगळवारी मोठ्या दवाखान्यात जातात. कधी बस मुद्दाम चुकवतात, मग मी मुलीला घेऊन त्यांच्या शेजारी स्टँडवर दुसऱ्या बसची वाट बघत बसते. बरे झालेत असं मी लिहिणार नाही. आहेत, एवढं लिहिते.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कुणाचा तरी चेहरा आला असेल. त्याच्याकडे आज जाऊन या, आणि मी विचारलं ते तितक्याच सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेलं येत नाही, असं सिस्टर म्हणतात. फक्त फोन करू नका. फोन त्याच्या हातातच असतो, तो उचलणार नाही.